बेबीबाईच्या प्लास्टरवरची तीन ठिकाणं

वैजनाथची काळीपिवळी जीप हिंगोलीच्या स्टँडवरून औंढ्याला जायची आणि म्हातारी माणसं त्याला नावाजत उतरायची. "माय, डोकं सांभाळा. मामा, हात द्या." मेल्याची जीभ अशी मधात बुडवलेली. घरी आला की तोच हात बायकोच्या, बेबीबाईच्या केसांत जायचा आणि तिचं डोकं भिंतीवर आपटायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, कमी झालं म्हणून, आणि बराबर झालं तर तोंड कशाला वर केलं म्हणून. एकदा तिनं शेजारणीला पाठीवरचे वळ दाखवले. शेजारीण म्हणाली, "वैजनाथ तं देवमाणूस हाय. तूच उलटून बोलली असशील." अशा शेजारणींचा मला त्या वैजनाथइतकाच राग येतो.

मग चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं त्यानं तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात तिनं मोरीत घसरले म्हणून सांगितलं. शेजारच्या खाटेवर मिराबाई नावाची म्हातारी होती, वैजनाथच्याच जीपनं जाणारी. ती म्हणाली, "तुमची मज्जा हाय बाई. घरची गाडी, रोज नागनाथाचं दर्शन." बेबीबाईला रडूच फुटलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं घर, नळ, किराणा दुकान आणि हा दवाखाना सोडून काही पाहिलं नव्हतं.

मिराबाईची नात सृष्टी पेन घेऊन सरसावली. "मावशी, बोला, काय काय बघायचंय?" पोरीनं ओल्या डोळ्यांच्या बेबीबाईकडून एकेक नाव काढून घेत मनगटाच्या प्लास्टरवर लिहिलं: औंढ्याचं देऊळ, शिरड शहापूरचं जैन मंदिर, सिद्धेश्वरचं धरण. सगळ्यात जास्त ओढ धरणाची. नळाला रोज भांडणाऱ्या बाईला एवढं पाणी एका जागी बघायचं होतं.

वैजनाथनं ते वाचलं, पोट धरून हसला आणि तिच्या कमरेत लाथ घातली. पण बेबीबाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: गिऱ्हाइकांसमोर हा हात उचलत नाही. दुसऱ्या दिवशी ती सरळ स्टँडवर गेली आणि बायांच्या सीटवर जाऊन बसली. वैजनाथनं दातओठ खाल्ले, वरवर "सरकून बसा, माय" म्हणाला. तिनं नागनाथ पाहिला. घरी आल्यावर पट्ट्यानं पाठ सोलून निघाली. पाठ भरली तशी ती शिरड शहापूरच्या गिऱ्हाइकांत तशीच बसून जैन मंदिर पाहून आली. त्या दिवशी त्यानं तिचा दात पाडला आणि बजावलं, "आता धरणाचं नाव काढ. पायच ठेवत न्हाई तुला."

तो पाय मोडणार, यात तिला शंका नव्हती. तरी रविवारी डोंगरकड्याच्या भजनी बायांनी धरणासाठी त्याचीच गाडी ठरवली, तेव्हा बेबीबाई त्यांच्यात दाटीवाटीनं बसली.

धरणाच्या पायथ्याशी सगळ्या उतरल्या. पाणी वर, भिंतीपलीकडं. त्यांच्यातली थोरली, मनकर्णाबाई, सहज बोलून गेली, "डायवर लई गुणाचा हाय. ह्याची बायको नशीबवान."

"मीच ती," बेबीबाई म्हणाली. "हे मनगट ह्यानंच मोडलं. दात बी ह्यानंच पाडला."

साऱ्या बाया वळून वैजनाथकडं बघायला लागल्या. एवढ्या वर्षांचं नाव असं भर उन्हात उघडं पडलेलं वैजनाथला सोसलं नाही. त्यानं सीटखालून टॉमी ओढली आणि सगळ्यांदेखत तिच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव उचलला तोच मनकर्णाबाईनं त्याच्या तोंडावर टाळ हाणला. मग काय, साऱ्या बाया तुटून पडल्या. चपला, नखं, टाळ, जे हाती लागलं ते. त्याचं नाक फुटलं, कानातून रक्त आलं. "माय, सोडा," म्हणत होता. कोणी सोडलं नाही. शेवटी टपावरच्या दोरीनं त्याला जीपच्याच चाकाला बांधलं आणि एकीनं पोलिसांना फोन लावला.

बेबीबाईचा पाय गुडघ्याखाली वाकडा लोंबत होता. "पोलिसांची गाडी येऊन राहिली, आधी दवाखान्यात नेऊ," मनकर्णाबाई म्हणाली.

"न्हाई," बेबीबाई कण्हत म्हणाली. "आधी पाणी दाखवा."

दोघींनी हातात हात गुंफून तिला त्यावर बसवलं. पायऱ्या चढताना ती कळवळून ओरडत होती, पण थांबा म्हणाली नाही. वर पोचल्यावर तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे एवढं सगळं इथंच होतं?"