गावाची खोली

नववीत असताना माटुंग्याच्या एका कॉलेजने शाळांसाठी अर्थशास्त्राची निबंधस्पर्धा ठेवली. विषय होता 'माझ्या परिसरातील सामायिक संपत्ती'. वर्गातल्या बाकीच्यांनी बागा आणि मैदानं धरली. मी लालबागच्या आमच्या चाळीतली गावाची खोली धरली आणि मनातल्या मनात बक्षीस घेऊनही मोकळी झाले.

गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या कोकणातल्या गावाने ती खोली भाड्याने घेतली होती. गावचा कुणीही पुरुष मुंबईत आला की त्याची पथारी तिथे. भाडं सगळे मिळून भरत. दाराला कुलूप नव्हतं. माझे मोठे काका तिथेच राहायचे, कारण आमच्या घरात आम्हीच एकमेकांच्या पायात यायचो. ती खोली गेली तर काकांना मुंबईत पाठ टेकायला जागा नव्हती.

बाईंनी कच्चा निबंध वाचला. "छान आहे गं. पण खोली नावावर कुणाच्या? परीक्षक आधी तेच विचारतील."

शनिवारी खोलीत भजन असायचं. चहाच्या वेळी मी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांना विचारलं.

"माज्या," ते हसले. "कोणाच्या तरी नावार व्हयीच ना? पण खोली गावाची."

त्यांना न्यायला त्यांचा मुलगा डोंबिवलीहून आला होता. त्याने मोबाइलमधून मान वर काढली, वडिलांकडे पाहिलं, मग भिंतींकडे. चाळ पाडून टॉवर होणार हे तेव्हा नुकतंच ठरलं होतं; खोली ज्याच्या नावावर, त्याला त्यात नवं घर मिळणार होतं.

पुढच्या शनिवारी तो एकटा आला. भजनाला बसला नाही. दाराचे, मोरीचे फोटो काढले आणि सगळ्यांशी फार गोड बोलला. आजोबांना बरं नाही म्हणाला. त्यानंतर आजोबा आम्हाला दिसले नाहीत. त्यांचा फोनही मुलगाच उचलायचा.

"डोंबिवलीला जाऊन त्यांच्याकडून खोली गावाची आहे असं लिहून घ्या ना," मी काकांना म्हटलं.

"म्हाताऱ्याकडे लिवन मागूचा? त्येका काय वाटात?"

मला राग येतो तो याचाच. त्या मुलाचा येत नाही इतका आमच्या माणसांच्या या भिडेचा येतो.

निबंध पाठवला आणि त्याच आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. पेट्या, वळकट्या गॅलरीत नीट रचून ठेवल्या होत्या.

मला पहिलं बक्षीस मिळालं. माटुंग्याच्या सभागृहात शेवटचा परिच्छेद वाचून दाखवायला सांगितला. "या खोलीतून आजवर कुणालाही जा म्हटलेलं नाही," मी वाचलं. काका मागच्या रांगेत पायाशी पेटी घेऊन बसले होते. तिथूनच ते गावच्या बसला जाणार होते, कायमचे. टाळ्या वाजवायला त्यांनीच सुरुवात केली.