वनपास रांगेत आहे

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आरोपीच्या आधी त्याचे दोन बैल डोळ्यांपुढे उभे राहतात. एक पांढरा, एक तांबडा. ठाण्याच्या आवारातल्या कडुनिंबाला बांधलेले, समोर टाकलेल्या धानाच्या तणसाला तोंड न लावता कोठडीच्या दिशेने बघत राहिलेले. जनावराला कायदा कळत नाही, पण आपला माणूस कुठे कोंडला आहे हे बरोबर कळतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील होती. वडशाच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. धान कापून खळ्यावर आलं होतं आणि गावोगावी मंडई, म्हणजे सुगीनंतरची जत्रा, भरायला लागली होती. मंडई म्हटली की नाटक आलंच. या दिवसांत झाडीतल्या, म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यातल्या, माणसाला धान आणि नाटक याखेरीज तिसरं काही सुचत नाही. माझे जमादारही त्याला अपवाद नव्हते. दर हिवाळ्यात ते खलनायक व्हायचे आणि महिनाभर आधीपासून पंचनामासुद्धा गडगडाटी आवाजात वाचायचे.

एके दिवशी सकाळी खबर आली की सागवानाची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, खोट्या वनपासावर, लाकूड नेण्याच्या परवान्यावर, वडशाकडे येत आहे. खबऱ्याने पास स्वतः पाहिला होता. म्हणाला, "साहेब, शाई बोटाले लागून राह्यली. काल रातीच बनवला असन."

नाक्यावर आम्ही बंडी अडवली. हाकणारा साठीचा, जंगलातल्या गावचा माणूस. बंडीत घराच्या आढ्याला लागणारी दोन लाकडं. त्याने मुंडाशातून पास काढून दिला. छापाची शाई खरोखरच बोटाला लागत होती. पासावरचा नंबर नव्या पुस्तकातला होता, आणि जंगल खात्याच्या नाकेदाराच्या म्हणण्याप्रमाणे पासांची नवी पुस्तकं अजून आलीच नव्हती. त्यांच्या रेंज ऑफिसने कालच चांद्याच्या छापखान्याला तार करून विचारलं होतं. उत्तर आलं होतं, 'वनपास रांगेत आहे.'

जे छापलंच नाही, त्यातला पास याच्याकडे आला कुठून? सरळ हिशोब होता. मी बंडी, बैल आणि लाकडं जप्त केली, रोजनामच्यात नोंद केली आणि म्हाताऱ्याला कोठडीत घातलं. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. खोट्या दस्ताचा गुन्हा म्हणजे तुरुंगाची वाट.

दुपारी चौकशीला घेतलं.

"पास कोणी दिला?"

"जंगल खात्याच्या कॅम्पावरच्या बाबूनं देल्ला साहेब. माह्या समोर लिवला."

"बाबू कुठे आहे?"

"थो जंगलात गेला मोजणीले. दोन दिस तरी येत नाई."

"लाकूड कोणासाठी?"

"लेकीच्या घराले. आढं मोडलं तिचं." मग तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मले ठेवा लागते त ठेवा. बैल सोडा. धान खळ्यावर पडून आहे. दोन बैलावाचून मळणी कोण करन?"

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून चार वेळा विचारला. उत्तर दर वेळी तेच आलं, पण शब्द निराळे. माझा अनुभव असा की पढवलेला माणूस दर वेळी तेच शब्द बोलतो आणि खरं सांगणारा वेगळ्या शब्दांत तीच गोष्ट सांगतो. मला अस्वस्थ व्हायला झालं. शिवाय खोटा कागद करणारा तो जुना दिसावा म्हणून मळवतो, चुरगाळतो. ओल्या शाईचा पास मुंडाशात घालून भर दिवसा नाक्यावर कोण येईल?

त्याच वेळी जमादार आत आले. बैलांना पाणी पाजून आले होते. सलाम ठोकून त्यांनी नाटकाचं हँडबिल माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, यंदा याच लागते. समोरची खुर्ची ठेवली तुमच्यासाठी."

मी कागद उचलला आणि अंगठा काळा झाला. शेजारीच वनपास पडला होता. दोन्हींच्या भोवती छापील रेघांची चौकट होती, आणि दोन्हींच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात, वरून बोटभर खाली, रेघ एकाच जागी तुटलेली होती. मी दोन्ही कागद खिडकीशी नेऊन एकावर एक धरले. तुटकी जागा तंतोतंत जुळली.

"हे कुठे छापलं?"

"चांद्याले, साहेब. परवाच. प्रेसवाल्यानं मशीनवरचं काम उतरवून आमचं लावलं. मंडईची तारीख का थांबते कोनासाठी?"

"कोणतं काम उतरवलं?"

"ते मी काऊन इचारू?" जमादार म्हणाले. माझा चेहरा बघून मात्र त्यांचा खलनायकी आवाज बसला.

मी तडक वडशाचं रेल्वे स्टेशन गाठलं. तारबाबू भला माणूस होता. मी मोठा मजकूर लिहून दिला, तो त्याने वाचून परत केला. "फौजदार साहेब, एका तारेत चार गोष्टी इचारल्या त एकाचंच उत्तर येते. एक एक इचारा."

त्याचं ऐकलं. तारा इंग्रजीत जायच्या, इथे मराठीत देतो. छापखान्याला पहिली केली, 'मशीन चालू आहे का?' उत्तर आलं, 'चालू.' दुसरी, 'मशीनवर कोणतं काम?' उत्तर, 'लग्नपत्रिका.' तिसरी, 'वाट पाहणारी कामं क्रमाने कळवा.' उत्तर, 'शाळेचे दाखले, औषधाच्या चिठ्ठ्या, वनपास.' म्हणजे रेंज ऑफिसला मिळालं होतं तेच. माझं तोंड उतरलं. तारबाबूने चहा पुढे सरकवला. मग मी चौथी तार लिहिली, जी पहिलीच लिहायला हवी होती: 'वनपासांची किती पुस्तकं छापून बाहेर गेली?'

या उत्तराला वेळ लागला. एक मालगाडी येऊन गेली. मग यंत्र टकटकलं आणि तारबाबू लिहिता लिहिता हसायला लागला. 'दोन पुस्तकं. कॅम्पाच्या शिपायाने परवा नेली. सही घेतली आहे. बाकी रांगेत.' खाली नंबर होते. म्हाताऱ्याच्या पासाचा नंबर त्यातच होता.

छापखान्याची रीत मला नंतर तिथे गेल्यावर कळली. प्रत्येक कामाची चिठ्ठी भिंतीवरच्या लोखंडी आकड्याला अडकवलेली असायची आणि काम पूर्ण झाल्याशिवाय काढायची नाही. वनपासांची दोन पुस्तकं निघाली, तेवढ्यात आमच्या जमादारांची मंडळी हजर झाली. नाटकापुढे सरकारी काम काय टिकणार! हाताशी होती तीच चौकट ठेवून हँडबिल छापलं आणि वनपासाची चिठ्ठी मागे गेली. इकडे कॅम्पावरचे पास संपले होते, म्हणून शिपाई झालेली दोन पुस्तकं घेऊन परस्पर निघून गेला. तार आली तेव्हा मालकाने आकड्याला लटकलेली चिठ्ठी बघून उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत मी ठाण्यावर परतलो आणि तारा दाखवल्या. ठाण्यावर बोलावलेल्या नाकेदाराने त्यातल्या नंबराशी पास ताडून पाहिला. कोठडीचं कुलूप मी स्वतः काढलं आणि म्हणालो, "भाऊ, चूक आमची झाली." फौजदाराने असं म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. मला ते म्हणून बरं वाटलं. म्हातारा आधी बैलांपाशी गेला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा कुठे त्यांनी तणसाला तोंड लावलं.

"इतका वेळ खाल्लं नाई यायनं," जमादार खजील होऊन म्हणाले. "मी त सरकीची ढेप बी देल्ली होती."

मंडई झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला जमादार तोंड पाडून उभे होते. विचारलं तर म्हणाले, "बेइज्जत झाली साहेब. थो म्हातारा लेकीजावयाले घेऊन समोरच बसला होता. मी तलवार काढून गर्जलो, त थो उठून लोकायले सांगते, 'भेऊ नोका, लय चांगला माणूस आहे! माह्या बैलाले ढेप चारत होता!' सारा मंडप हासला."

मी इतका हसलो की हजेरी अर्धवट राहिली. खळ्यावरची मळणी उरकली होती, लेकीच्या घराला आढं चढलं होतं, आणि ते जमादारांना सांगायला म्हातारा बंडी जुंपून मंडईला आला होता. नोकरीत बक्षिसं मिळाली, पण त्या दिवसाइतकं समाधान क्वचितच मिळालं.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच की, खऱ्या उत्तरानेही निरपराध माणूस आत जाऊ शकतो, विचारणाऱ्याने प्रश्न अर्धा विचारला तर. 'रांगेत आहे' म्हणणारा छापखानेवाला खरंच बोलला होता. तोवर मीही रोज सकाळी ठाण्यात विचारायचो, "कोठडीत किती?" अंमलदार म्हणायचा, "दोन," किंवा "तीन," आणि मी पुढच्या कामाला लागायचो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आकडा कधी विचारला नाही. विचारायचो, "आत कोण आहे, कशासाठी थांबला आहे, आणि बाहेर त्याची वाट कोण बघतंय?"