डायनॅमो बंद पडला तेव्हा

“तू स्वतः पाहिलंस?” कोणी काहीही सांगितलं की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. टाकीत पेट्रोल भरलंय म्हटलं तरी, आणि बाजारात आज बांगडा स्वस्त आहे म्हटलं तरी. अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण भाऊ टपालाचं विमान चालवायचे, आणि त्यांच्यामागे बसून वायरलेस सांभाळणं हे माझं काम होतं.

एका संध्याकाळी गोव्याहून रत्नागिरीला येताना समोरच्या वाऱ्याने उशीर झाला. दिवस मावळत होता. भाऊंनी विजेच्या काट्यावर टिचकी मारली, पुन्हा मारली. डायनॅमो बंद पडला होता. इंजिनाचं त्यावाचून अडत नव्हतं, पण दिवे आणि वायरलेस आता नुसत्या बॅटरीवर होते.

“सगळं बंद कर. वायरलेससुद्धा!” भाऊ ओरडले.

“मुंबईला कळवतो तरी!”

“बॅटरीत किती उरलंय, सांगशील? उतरताना दिवा हवा, रे. बंद कर!”

मी बंद केलं. रत्नागिरीच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, उतरायच्या मैदानाशी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. जमीन अगदी जवळ आल्यावर भाऊंनी दिवा लावला, आणि उजेडात समोर म्हशी! त्यांनी विमान वर खेचलं, दिवा विझवला आणि घिरटी घातली. दुसऱ्या खेपेला दिवा लालसर, मिणमिणता लागला. म्हशी पांगल्या होत्या. आम्ही उतरलो.

चार दिवसांनी मुंबईहून साहेब चौकशीला आला. वायरलेस मुद्दाम बंद केलात? हा किनारा तुमच्या ओळखीचा ना? मध्येच कुठे उतरून चोरटा माल घेतलात? भाऊ एवढंच म्हणाले, “डायनॅमो उघडून बघा.”

बाहेर कचेरीच्या ओटीवर त्यांनी मला विचारलं, “तुझा माझ्यावर विश्वास आहे ना?”

“भाऊ, मी मागेच तर बसलो होतो.”

“ते नाही विचारत मी.”

“आहे, भाऊ.”

ते खाली बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

डायनॅमोतली तार जळलेली निघाली. साहेबाने माफी मागितली, तरी भाऊंनी नोकरी सोडली. मी साहेबावर रागावलो तर म्हणाले, “त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. पण आता नको वाटतं.”

ते केळशीला घरी गेले. मुंबईला जाताना आमचं विमान केळशीवरून जाई, तेव्हा समुद्राकाठी पुळणीवर उभे राहून ते उपरणं हलवायचे. नवा वैमानिकही त्यांच्यासाठी पंख कलता करायचा.

एका वर्षी पावसाळा सरून उड्डाणं सुरू झाली. केळशी आली, वैमानिकाने पंख कलता केला. खाली पुळणीवर सुकत घातलेली जाळी तेवढी होती.