मी नव्हते, तरी मीटिंग झाली!

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली आणि तरी मी खूश आहे!

आमची कंपनी आता सगळी घरून चालते. मी रत्नागिरीत, बाकीचे कुठे कुठे. पूर्वी प्रत्येक काम माझ्यापाशी येऊन अडायचं. म्हणून मीच सरांना सुचवलं, "एक सर्व्हर बंद पडला की दुसरा काम उचलतो, तशीच टीम बांधूया. प्रत्येक काम दोघांना यायलाच हवं."

आज क्लायंटला नवीन काम दाखवायचं होतं आणि नेमकी लाईट गेली. नेटही गेलं. रेंजसाठी धावत घरामागच्या सड्यावर, उंच कातळमाळावर चढले आणि धापा टाकत फोन लावला, "सॉरी सर, लाईट गेली!"

"मीटिंग झाली की! मस्त झाली. तू नव्हतीस होय?"

हसावं की रुसावं, कळेना.

घरी आले तर आई दारातच. "होतीस कुठे गो? मिक्सर बंद, आमटीचं वाटप अडलंय. बस पाट्यावर!"

वरवंटा हातात घेतला आणि झोपाळ्यावर पेपर वाचणाऱ्या बाबांकडे नजर गेली. नियम म्हणजे नियम.

"बाबा, या इकडे. शिकून घ्या."

आमटी जरा भरडच झालीये. तुमच्या घरी दुसरा सर्व्हर कोण?