पेडगावच्या मैदानात, शेषरावमामांच्या माईकपाशी

शेषरावमामा गेल्याचा भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पाचवीच्या मुलींना लांब उडी शिकवत होते. पुण्याहून अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. पण महिनाभरानं त्याचा पुन्हा फोन आला. परभणीजवळच्या पेडगावात मामांच्या नावानं कुस्त्यांचं मैदान भरणार होतं. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सांगून टाकलं, "आपण परभणीला जातोय."

"परभणीला? तिथं बघायला काय आहे?" सुहासनं विचारलं. जन्म पुण्याचा, कुस्ती पाहिलेली फक्त टीव्हीवर. मी म्हटलं, "बघायला नाही, ऐकायला जायचंय."

शेषरावमामा म्हणजे आमच्या भागातले कुस्तीचे समालोचक. जत्रा कुठल्याही गावची असो, मैदानात माईक मामांच्याच हातात. लहानपणी त्यांनी माळावर मेंढरं वळली, आवाज तिथंच कमावला. प्रत्येक पैलवानाचं गाव, बापाचं नाव आणि आईचंही नाव त्यांना तोंडपाठ असायचं. आणि कुस्ती संपली की ते आधी हरलेल्याचं नाव घ्यायचे, त्यानं काय चांगलं केलं ते सांगायचे, मग जिंकलेल्याचं.

मी चौदा वर्षांची असताना त्यांनी माझं नाव असंच घेतलं होतं. आमचं घर जिंतूरजवळ, मेंढरं राखणारं. भावांशी मातीत झोंबत वाढले. वडिलांनी मला एका जत्रेत उतरवलं, पण मुलीची जोड व्हायला, तिच्याशी लढायला, कुणी तयार होईना. पंचांनी हातात नारळ दिला आणि खाली बसायला सांगितलं. तेवढ्यात माईकवरून मामा बोलले, "थांबा. पोरगी जोड मागायलीय, नारळ न्हाई." मग गप्प बसलेल्या गर्दीला तेच त्यांनी तीनदा ऐकवलं. शेवटी एका म्हाताऱ्या पैलवानानं आपला पुतण्या पुढं केला. दोन मिनिटांत मी चितपट! पण हजारभर माणसांनी आधी माझं नाव ऐकलं. माझी आजची नोकरी, हातातली शिट्टी, सगळं त्या दिवसापासूनचं.

आता न सांगण्यासारखं सांगते. पुढं मी परभणीला कॉलेजात होते. एकदा मैत्रिणींबरोबर बसस्टँडवर उभी असताना लांबून आवाज आला, "जिंतूरची संगीताऽऽ!" अख्खं स्टँड वळून बघायला लागलं. धोतर, खांद्यावर गाठोडं, मामा हसत माझ्याकडं येत होते. मैत्रिणी खिदळल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवून समोरच्या बसमध्ये चढले. बस कुठं चालली होती तेही बघितलं नाही. त्यानंतर मामा मला कधी भेटले नाहीत. वीस वर्षं झाली.

पुण्याहून रात्री निघणारी रेल्वे सकाळी परभणीला सोडते. हिवाळ्यात जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, पहाटे खिडकीच्या फटीतून वारा येतो. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर आम्ही सुशीला खाल्ली. "हे कुणाचं नाव आहे?" सुहासनं विचारलं. चुरमुरे भिजवून, कांदा, मिरची, दाण्याचं कूट घालून परततात, त्याला इकडं सुशीला म्हणतात. वर गरम भजी. त्यानं तीन प्लेटा हाणल्या. दोघांचा नाश्ता शंभराच्या आत झाला.

पेडगावला पॅसेंजर गाडीही थांबते, पण तिची वेळ जमेना म्हणून रिक्षा ठरवली. ठरवतानाच परतीचं बोलून घ्या, संध्याकाळी तिकडून वाहन मिळायला त्रास होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळी जमीन, कुठं हरभरा, कुठं तुरीचे कापून ठेवलेले ढीग, मध्येच कंबरेपेक्षा उंच ज्वारी. एका शेताच्या कडेला हुरडा भाजायला घेतला होता. आम्ही नुसतं बघत होतो, तर तिथल्या बाईंनी हाक मारून दोघांच्या ओंजळी भरल्या. पैसे विचारले तर म्हणाल्या, "मैदानाला चाललाव ना? मंग पाव्हणेच हाव तुमी."

गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लाल माती टाकून आखाडा केला होता. एका बाजूला मामांचा फोटो, आणि त्याच्याशेजारी स्टँडवर त्यांचा माईक. माईकलाही झेंडूचा हार घातलेला. बायकांसाठी कडेला सतरंजी होती, तिथं पुढंच गयामामी बसल्या होत्या, मामांच्या पत्नी. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. फुलं फोटोपाशी ठेवून मी त्यांच्या पाया पडले आणि नाव सांगितलं.

"जिंतूरची?" त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. "जोड मागणारी?"

मला हुंदकाच आला. बसस्टँडवरची गोष्ट मी भराभरा सांगून टाकली, मामी थांबवतील की काय या भीतीनं.

मामी हसायला लागल्या. "आगं, मालूम हाय मला. घरी येऊन सांगितलं की त्यानं. म्हणला, जिंतूरची पोरगी कॉलेजात जायलीय, मैतरणी होत्या संगं, लाजली आन पळाली. मी म्हणलं, तुमी बोंबलला असताल. तर म्हणला, दुसरा आवाज कुठून आणू?"

मीही हसले. मग मामी म्हणाल्या, "पर तवापासून स्टँडवर कुणाला हाक मारीना गेला. नुसता हात करायचा."

मी पुन्हा डोळे पुसायला लागले. त्यांनी माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "खा. रडायलीस कामून? तेवढाच त्याच्या घशाला आराम."

अकराच्या सुमाराला मैदान सुरू झालं. आयोजकांपैकी एकानं उभं राहून जाहीर केलं, की मामांचा मान म्हणून आज समालोचन होणार नाही, हलगीही वाजणार नाही. टाळ्यासुद्धा वाजवू नयेत. ऐकायला बरं वाटलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

पहिली कुस्ती लागली आणि कुस्तीचं मैदान इतकं भयाण असू शकतं हे मला पहिल्यांदा कळलं. दोन मुलं मातीत झटतायत, श्वास ऐकू येतोय, मांडीवर थाप पडली की बंदूक उडाल्यासारखी वाटतेय, आणि कोण कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही. "कोनतं गाव?" म्हणून एकानं विचारलं तर दहा जणांनी त्याला "शूऽऽ" केलं. सुहास पुरुषांच्या घोळक्यात बसला होता. शेजारचे आजोबा त्याच्या कानात डाव समजावत होते, त्या दोघांनाही दटावलं गेलं. तिसऱ्या कुस्तीत एक पैलवान चितपट झाला, तरी दोघंही तसेच पडून राहिले. संपलं हे माईकवरून सांगायलाच कुणी नव्हतं!

मामी उठल्या. "ह्यांचं काय चाललंय?" असं पुटपुटत चपला न घालताच त्या माईकपाशी गेल्या. माईकचा हार काढून फोटोला घातला. माईकवर दोनदा टकटक केलं.

"मेलाय त्यो," त्या म्हणाल्या. "तुमी कामून मेल्यावानी बसलाव?"

मागून कुणीतरी फसकन हसलं, आणि ते हसू मैदानभर पसरलं.

"चाळीस वर्सं मी त्याला गप बसा म्हणत आले, त्यानं न्हाई ऐकलं. आता तुमीबी ऐकू नका. हलगी वाजवा. आन ज्याचं ज्याचं नाव ह्या माईकवरून निघालंय, त्यानं एकेक कुस्ती बोलायची. लाजायचं न्हाई."

हलगी कडाडली. आधी एक निवृत्त पैलवान उठला, मग एक पोलीस, मग धान्याच्या मोंढ्यातला एक हमाल, एक मास्तर. प्रत्येक जण येताना मामांच्या आवाजाची नक्कल करायला जायचा आणि दुसऱ्याच वाक्याला आपल्या आवाजावर यायचा. हमालानं तर चितपट झालेल्याचं इतकं कौतुक केलं की तो जिंकल्याच्या थाटात हात वर करून फिरला. शेवटी मामींनी माझ्याकडं बोट केलं.

मी माईक हातात घेतला. समोर मानवतचा एक आणि सेलूचा एक पैलवान सलामी द्यायला उभे. तोंडातून निघालं ते असं: "दोघंही सरळ उभे राहा! अंतर घ्या!"

अख्खं मैदान लोळलं. पैलवानही हसायला लागले, आणि सेलूचा खरंच दोन पावलं मागं सरकला. त्यानंतर मात्र जीभ सुटली. घिस्सा, ढाक, एकलंगी, विसरलेय असं वाटलेले सगळे डाव जिभेवर आले. मानवतचा पडला. मी त्याचं नाव आधी घेतलं, त्याच्या आईचंही. ते मी कुस्तीआधी त्यालाच विचारून घेतलं होतं. तो उठला, अंगावरची माती झटकली आणि माईककडं बघून हात जोडले. लांबून मामी ओरडल्या, "आवाज चढीव!"

जेवण मामींच्या अंगणात झालं. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, लसणाचा ठेचा. सुहास घाम पुसत "लय भारी" म्हणाला, आणि मामींनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं जिंतूरला गेलो. परभणीहून तासाभराचा रस्ता आहे आणि गाड्या भरपूर. एक दिवस हाताशी असेल तर नेमगिरीचे डोंगर नक्की बघा, सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर ठेवा. आम्ही माहेरी राहिलो, वडिलांना मैदानाची सगळी हकीकत दोनदा सांगावी लागली. तिसऱ्यांदा सुहासनं सांगितली, आणि त्याच्या सांगण्यात मी मामींपेक्षा मोठ्यानं ओरडले होते.

आता घरी येऊन तीन आठवडे झालेत. श्रद्धांजली म्हटलं की पांढरे कपडे, दोन मिनिटं शांतता, एवढंच मला माहीत होतं. मामींनी ते मोडलं ते बरं झालं. पण त्या बसस्टँडवरचा, नुसता हात करणारा माणूस अजून डोळ्यांसमोर येतो.

मागच्या शनिवारी मात्र एक केलं. घराजवळ एक तालीम आहे, अकरा वर्षं तिच्यासमोरून स्कूटर नेतेय. त्या दिवशी थांबले, आत गेले. आत मुलींचा सराव चालू होता. सोमवारी शाळेत फळ्यावर लिहायला उजवा हात वर जाईना. मुलींनी विचारलं, "बाई, काय झालं?"

"पडले."

"कुणी पाडलं?"

खरं सांगितलं, "तुमच्याहून थोड्या मोठ्या एका मुलीनं. दीड मिनिटात."

सगळा वर्ग बाकांवर उभा राहून हसला. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "नाव काय तिचं?" मी तिचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि आईचंही.