टोपीवाला आपल्या गाडीतला नाही

तो उन्हाळा मी माझ्या वडिलांवर पाळत ठेवण्यात घालवला.

अण्णा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला यायचे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अण्णा हल्ली फार संशय घेतात गं. दूधवाला आपल्यालाच वेगळ्या किटलीतलं दूध घालतो म्हणतात. शेजारचे आपल्या चपला हलवून ठेवतात म्हणतात. तिकडे असताना तू नीट बघ. परत आले की दाखवायला मी पुण्याच्या डॉक्टरांची तारीख घेऊन ठेवलीय."

आता अण्णा म्हणजे चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं, ही त्यांची नोकरीच होती. आम्ही भावंडं लहानपणी खोटं बोललो की ते नुसते तोंडाकडे बघायचे आणि आम्ही कबूल व्हायचो. त्यामुळे त्यांचा जुना स्वभाव कुठे संपतो आणि दुखणं कुठे सुरू होतं, हे मला कळेना.

इथे आल्यावर चार दिवसांत त्यांनी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याला हेरलं. इथे लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. तो आपला खिडकीशी बसून पेपर वाचायचा. अण्णा म्हणाले, "हा दिवसभर आपल्याच घराकडे बघतो. पेपर उलटा धरलेला असतो कधी कधी." मग एकदा माझं पार्सल आलं तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून डिलिव्हरीवाल्याने इथल्या रिवाजाप्रमाणे ते त्याच घरात ठेवलं. झालं. "आपलं पार्सल त्याच्या घरात गेलंच कसं?" हा प्रश्न आठवडाभर पुरला.

मी फोनमध्ये टिपणं ठेवायला लागले. तारीख, काय बोलले, किती ठामपणे बोलले. इंग्रजीत लिहायचे, त्यांना वाचता येऊ नये म्हणून. मधूनच सहज विचारल्यासारखं करायचे, "अण्णा, परवा आपण जेवायला काय केलं होतं हो?"

ते माझ्याकडे बघायचे. "का? तू विसरलीस?"

जुलैमध्ये आमच्या भागातल्या एका छोट्या ट्रॅव्हलवाल्याची जाहिरात आली. आइंडहोव्हनहून बसने आयमाउडन बंदर, तिथून रात्रीच्या बोटीने इंग्लंडच्या किनाऱ्याला, सकाळी उतरून दिवसभर स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतून फेरफटका आणि संध्याकाळी परतीची बोट. अण्णांना समुद्र आवडतो आणि बस तर आवडतेच. लेकाची फुटबॉलची स्पर्धा होती म्हणून नवरा मागे राहिला आणि आम्ही दोघंच निघालो. अण्णांच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागले, तेव्हाच ते बिथरले होते. "मी काय चोरी केलीय?" निघायच्या दिवशी बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले आणि हळूच म्हणाले, "खरं सांग. फिरायलाच चाललोय ना आपण?"

"मग कुठे?"

"तसं नाही. दवाखान्यात बिवाखान्यात सोडायची असतील माणसं, तर असंच सांगतात."

मी हसले. त्यांचं ते बोलणंही टिपून ठेवलं.

बसमध्ये आम्ही धरून बत्तीस जण. आम्ही दोघं सोडून बाकी सगळे डच, बहुतेक निवृत्त. गाईडबाई उंच, खणखणीत आवाजाची. आमच्या ओळीत पलीकडच्या खिडकीला एक एकटी आजी होती, हिरवा रेनकोट, गुडघ्यांवर पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीतून उतरून बस सुरू झाली, तशी तिने पिशवीतून पुडी काढली आणि अण्णांपुढे काळ्या गोळ्या धरल्या. ड्रॉप म्हणतात त्यांना, डच लोकांचं लाडकं खाणं, चवीला खारट. अण्णांनी एक तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ती रुमालात थुंकली, रुमालाची घडी केली आणि माझ्या कानाशी आले. "ह्यात काहीतरी आहे. तू खाऊ नको. प्रवासात असंच देतात आणि माणूस झोपला की सामान नेतात."

"अण्णा, ती सत्तरीची बाई आहे."

"तेच तर. संशय येऊ नये म्हणून."

आजीला काही कळलं नाही. ती हसली. पण त्यानंतर अण्णांनी तिच्यावरची नजर काढली नाही.

स्कॉटलंडची हद्द एका उंच खिंडीत लागते. एक मोठा दगड आहे, एका बाजूला इंग्लंड लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड. सगळे उतरले, फोटो काढले. वारा असा की उभं राहवेना. खाली हिरव्या डोंगरांच्या एकामागे एक रांगा, त्यांवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि मेंढ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या. एवढं मोकळं रान सपाट नेदरलँड्समध्ये मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, बघा तरी." ते बसच्या दाराशी उभे होते आणि चढणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघत होते.

तिथून खाली जेडबरा नावाच्या छोट्या गावात आलो. तिथे छप्पर उडालेलं एक जुनं, प्रचंड मोठं दगडी चर्च आहे. आत जमिनीवर गवत आणि वर नुसतं आभाळ. दीड तास मोकळा होता. आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी तिथल्या बाकावर बसून खाल्ली. अण्णा जरा निवांत झाले. कोणे एके काळी मेढ्याच्या गाडीत एका नवरीला कळा सुरू झाल्या, ती गोष्ट सगळी सांगितली, एकही तपशील न चुकता. मला वाटलं, ह्यांना काही झालेलं नाही. मग वाटलं, जुनं तर सगळ्यांनाच आठवतं.

पार्किंगमध्ये आमच्यासारखीच दुसरी पांढरी बस उभी होती, तीही डच, त्याच बोटीतून आलेली. लोक परतले, गाईडबाईने मागून पुढे येत डोकी मोजली. मग माईकवर म्हणाली, "बत्तीस. छान." बस निघाली. पुढचा थांबा नदीच्या वळणावरची एक टेकडी होती, तिथून म्हणे सगळा मुलूख दिसतो.

गाव मागे पडलं आणि अण्णांनी माझ्या कोपराला हात लावला. "ती बाई नाही."

पलीकडची सीट रिकामी होती. मी म्हटलं, "मागे बसली असेल. एखादी मैत्रीण मिळाली असेल."

"बघून येतो."

"अण्णा, नको, गाडी चालू आहे." पण ते उठलेही. चालत्या गाडीत, कशाला न धरता, पाय जरा फाकवून ते मागे गेले. तेवढ्यापुरते ते तीस वर्षांनी तरुण दिसले. एकेका सीटशी थांबून तोंडं बघू लागले. लोक अवघडून बघायला लागले. गाईडबाई माईकवरून म्हणाली, "महाशय, कृपया बसून घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते येऊन बसले. "शेवटच्या शिटेवर एक टोपीवाला झोपलाय. तो आपल्या गाडीतला नाही. सकाळी नव्हता, दगडापाशी नव्हता. आणि म्हातारी नाही."

"गाईडने मोजलंय, अण्णा. बत्तीस आहेत."

"असतील. एक वाढला, एक गेला. आकडा बरोबर येणारच."

हे खरं म्हणजे किती सरळ होतं. पण मी ते ऐकलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की एक अनोळखी माणूस आपल्यात येऊन बसलाय, असं माझे वडील म्हणताहेत. मागच्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये एक जण आपल्या मागे मागे फिरतोय असंही ते म्हणाले होते. मी फोन काढला आणि लिहायला लागले.

"काय लिहितेस?"

"ऑफिसचं आहे."

"माझ्याबद्दल लिहितेस. पहिल्या दिवसापासून लिहितेस." ते रागावले नव्हते. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाले, "तुझ्या भावाने सांगितलंय, माहितीय मला. माझं डोकं फिरलंय असंच धर. पण ती बाई मागे राहिलीय. नुसतं विचारून तर ये."

बाहेर मेंढ्यांची कुरणं पळत होती. गाव सोडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी उठले, तेही बाईसाठी नाही. वडिलांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून.

गाईडबाईला मी डचमध्ये सांगितलं. तिने माझ्याकडे, मग अण्णांकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. म्हाताऱ्यांशी बोलताना करतात तसा. "मी मोजलंय. काळजी करू नका म्हणावं त्यांना." तो मऊपणा मला झोंबला. तोच मऊपणा मी महिनाभर वापरत होते. मी म्हटलं, "हिरवा रेनकोट घातलेल्या बाई कुठे बसल्या आहेत, तेवढं दाखवा."

ती मागे गेली. सीटा बघत बघत शेवटपर्यंत गेली आणि तिथे थांबली. टोपीवाल्याला हलवून उठवलं. तो दचकला, टोपी सारखी केली, इकडेतिकडे बघितलं आणि कुठल्या तरी भलत्याच गाईडचं नाव घेऊन ती कुठे गेली म्हणून विचारलं. बसमधले सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

वळायला जागा मिळेपर्यंत ड्रायव्हरला बरंच पुढे जावं लागलं. टेकडी राहिली ती राहिलीच.

आजी पार्किंगच्या दगडी कठड्यावर बसली होती, पिशवी मांडीवर, दुसऱ्या बसची गाईड शेजारी उभी, आपल्या टोपीवाल्याची वाट बघत. चर्चमागच्या टॉयलेटचं दार अडकून ती आत राहिली होती. बाहेर आली तर बस गेलेली. गाईडबाईला तिने सगळ्यांदेखत चांगलं सुनावलं. मग जागेवर येऊन बसली. कोणाच्या लक्षात आलं, हे पुढच्या सीटवरच्या बाईने तिला सांगितलं, तशी ती अण्णांकडे वळून माझ्यामार्फत विचारायला लागली, ह्यांना कसं कळलं?

"सांग तिला," अण्णा म्हणाले, "आमच्याकडे कॉलेजची पोरं एकाचा पास दुसऱ्याला द्यायची. नुसती डोकी मोजून भागायचं नाही. तोंडं लक्षात ठेवायला लागायची."

मी सांगितलं. तिने अण्णांचा हात बराच वेळ धरून ठेवला. अण्णा संकोचून माझ्याकडे बघत राहिले. तिला चोर समजून ते तिचा चेहरा पाठ करत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

बोटीवर चढल्याबरोबर मी भावाला फोन केला. "अण्णा ठणठणीत आहेत. आपलीच डोकी फिरलीत. ती पुण्याची तारीख रद्द कर." तो म्हणाला, "नक्की ना, ताई?" मी म्हटलं, "नक्की." फोनमधली सगळी टिपणं पुसून टाकली. मला खूप मोकळं वाटलं. लाजही वाटली, पण मोकळं जास्त वाटलं.

त्यानंतर मी अण्णांवर विश्वास ठेवायला लागले, आणि तोही आंधळा. तीन आठवड्यांनी मी ऑफिसातून आले तर ते दार लावून स्वयंपाकघरात उभे. म्हणाले, "समोरचा आज घरात आला होता. मागच्या दाराने. फडताळातले डबे हलवले." डबे खरंच हललेले होते. मी विचार केला नाही. तशीच रस्ता ओलांडून गेले आणि त्याची बेल वाजवली.

दार त्याच्या मुलीने उघडलं. मी चढ्या आवाजात विचारलं. ती गोंधळून म्हणाली, बाबा दहा दिवसांपासून कॅराव्हॅन घेऊन फ्रान्समध्ये आहेत, मी फक्त झाडांना पाणी घालायला येते. तिच्या मागे ती खिडकी दिसत होती आणि रिकामी खुर्ची. ती मला आत ये म्हणाली. मी माफी मागून परत फिरले.

घरी अण्णा वाट बघत होते. "काय म्हणाला?"

"घरी नाही तो," मी म्हटलं.

"कसा असेल," ते म्हणाले. "पळाला."

पुण्याची नवी तारीख मिळायला हिवाळा उजाडला. मी रजा काढून गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून लक्षात आलं? भाऊ माझ्याकडे बघत होता. मी उन्हाळ्यापासूनचं सगळं सांगितलं, तारीख कोणी रद्द केली तेही. डॉक्टर म्हणाले, दुखणं सुरू होऊन बराच काळ झालाय, औषधाने वेग थोडा कमी होईल. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

आता रोज संध्याकाळी माझा साताऱ्याला फोन असतो. अण्णा काहीतरी सांगतात आणि मी भावाला म्हणते, एकदा बघून ये. तो कधी कधी कंटाळतो, पण जातो. मागच्या रविवारी अण्णा म्हणाले, गच्चीत कोणीतरी चालतंय, मला पावलं ऐकू येतात. भाऊ वर जाऊन आला. कोणी नव्हतं. टाकीचं झाकण वाऱ्याने सरकून आपटत होतं, ते नीट बसवून, वर दगड ठेवून आला. अण्णांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बरं, आणि मला विचारलं, तिकडे आता किती वाजले?