न सांगितलेलं नाव

परवानगी मागण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस जव्हारपासून मोखाड्यापर्यंत झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. हे नाशिकला जाऊन संमोहनोपचार शिकून आले आणि जव्हारच्या घराच्या पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. विद्येपेक्षा तिची आचारसंहिताच त्यांनी जास्त मनावर घेतली. पेशंटला ‘डोळे मिटा’ म्हणण्याआधी ‘मिटायला सांगू का?’ असं विचारायचे. ही सवय पुढे पंगतीपर्यंत पोचली. शेजारच्याला आणखी भात हवा असं वाढप्याला सांगायचं, तरी आधी शेजाऱ्याची संमती घेणार, आणि तोवर वाढपी ओळीच्या टोकाला पोचलेला असायचा. लग्नात कुणाकडे टक लावून बघायचे नाहीत. न विचारता एखाद्याला गुंगी आली तर जबाबदार कोण? त्यांच्या नुसत्या नजरेने कुणाला साधी जांभई आलेलीही मी पाहिली नव्हती, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

एकदा एका शाळेने स्नेहसंमेलनात प्रयोग करायला बोलावलं. कुणाला तरी सफरचंद म्हणून कांदा खायला लावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. साडू व्यासपीठावर चढले आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर असे काही बोलले, की अर्धा मंडप संमोहनाशिवाय झोपला. घरच्यांवर उपचार करायचा नाही, हाही नियम. आमच्या सौ.च्या थोरल्या बहिणीची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कंबर धरली तेव्हा ती म्हणाली, “अहो, गावाला झोपवता, मलाही झोपवा की जरा!” साडू गंभीरपणे म्हणाले, “तुझ्यावर माझा आधीच प्रभाव आहे. ते योग्य होणार नाही.” त्यावर ती एवढी हसली की कंबर आणखी धरली. शेवटी एसटीत बसवून तिला नाशिकच्या दुसऱ्या उपचारकाकडे पाठवलं.

पाड्यांवरून येणाऱ्यांना हा नवा भगतच वाटायचा, देव अंगात आणून दुखणं काढणारा. भगताकडे न्यावी तशी दाभोशाच्या एका बाईने कोंबडी आणली आणि नको नको म्हणेपर्यंत अंगणात सोडून गेली. साडूंनी ती धरली आणि दाभोशाच्या जीपमध्ये बसवून परत धाडली. पण काहींना भगताकडून हवी असते ती वेगळीच गोष्ट: करणी कोणी केली त्याचं नाव.

खोडाळ्याकडचा एक तिशीतला गडी ठाण्याच्या बिल्डिंगकामावरून परतल्यापासून झोपेत ओरडत उठायचा. त्याला त्याचा काका घेऊन आला. मी त्या दिवशी सहज गेलो होतो, ओट्यावर चहा पीत होतो. साडूंच्या शिस्तीप्रमाणे दार उघडं, आणि काकाला अंगणात अशी जागा, की पेशंट दिसावा पण ऐकू येऊ नये. गड्याचे डोळे मिटले, थोड्या वेळाने ओठ हलले, तो रडला. ते आटोपताच काका उठून आत आला.

“त्यानी नाव घेतला. मी बघला. कोनाचा घेतला, सर, तू सांग.”

“तो बोलला ते त्याचं आहे. सांगायचं तर तो सांगेल.”

गडी खाली बघत म्हणाला, “मना काय याद नाय.”

“आमचे पाड्यात एकटी म्हातारी हाय, तीच ना? तू बोलू नको. नुसती मान हलव.”

साडूंनी मान इतकी ताठ धरली की मला त्यांचीच काळजी वाटली. एका नावाने एखादी म्हातारी चेटकीण ठरते, तिचं घर मोडतं, कधी जीवावरही बेततं, हे या भागात नोकरी केलेल्या आम्हा दोघांना कुणी सांगायला नको होतं. “माणूस आठवण आली तरी नाव घेतो,” एवढंच ते म्हणाले. काका गेल्यावर मी विचारलं, “नाही म्हणून मोकळे का झाला नाहीत?” तर म्हणाले, “एकीला नाही म्हटलं की उद्या दुसरीचं नाव घेऊन येतील. मग कितींना नाही म्हणू?”

“याचे अंगात काय नाय,” असं काका जीपभर सांगत गेला, आणि साडूंची खोली ओस पडत गेली. तो गडी मात्र एकटाच येत राहिला आणि हळूहळू झोपायला लागला. पण काका स्वस्थ बसला नव्हता. साडू खोडाळ्याच्या बाजारात गेले तर हा मागोमाग. सर कुठल्या म्हातारीपाशी थबकतात ते बघायला. साडूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी भाजी विकायला ओळीत बसलेल्या एकूण एक म्हातारीकडून काही ना काही घेतलं आणि प्रत्येकीशी तेवढंच बोलले. घरी पिशव्या बघून मेहुणीने कपाळाला हात लावला. पुढे प्रत्येक बाजाराला हेच.

“आता तरी ते नाव सांगा, मी कुणाला सांगणार आहे?” असं मी एकदा म्हणून पाहिलं.

“तुम्ही नाही हो सांगणार. पण त्या गड्याला विचारल्याशिवाय मी कसं सांगू?”

आता साडूंना जीपचे हादरे सोसत नाहीत. पेशंटच्या खुर्चीत मांजर झोपलेलं असतं, त्यालाही ते विचारूनच उठवतात. बाजार मी करतो. सूचना एकच, एकीलाही वगळायचं नाही. मी एकेकीपुढे वाकतो आणि, खरं सांगायचं तर, प्रत्येकीचा चेहरा बघून घेतो. पिशवीत भाजी टाकता टाकता एक विचारते, “तुझा तो सर नाय आला? बरा हाय ना?” मला वाटतं, हीच. मग पुढचीही तेच विचारते. तिच्या पुढचीही.